स्टेजवर बंदी होती, खुर्चीवर नव्हती

मागल्या वर्षी आपल्या पोरांचं पथनाट्याचं शिबिर होतं. शहरातनं एक प्रशिक्षक आलेले. झब्बा, शबनम, सगळं साग्रसंगीत. त्यांनी पोरांना सांगितलं, तुमच्यातले दोघं-तिघं आधीच जाऊन लोकांत बसा. नाटक रंगात आलं की गर्दीतनं उठा आणि बोलायला लागा. लोकांना धक्का बसतो. याला म्हणायचं प्रेक्षक-सहभागाचं तंत्र. फळ्यावर लिहूनच दिलं त्यांनी. पोरांनी वहीत उतरवून घेतलं.

मी मागं बसलो होतो. राहवेना म्हणून विचारलं, सर, हे तंत्र आलं कुठनं? ते म्हणाले, पाश्चात्त्य रंगभूमीवर हे फार पूर्वीपासून आहे, कुणा एकाचं नाव घेता यायचं नाही.

एका रात्रीचं तरी घेता येतं. तारीख सांगता येते, रस्ता सांगता येतो, कोण पहिल्यांदा उठलं तेही सांगता येतं. १६ जून १९३७, न्यूयॉर्क. आणि त्या रात्री लोकांतून उठणं हे तंत्र नव्हतं. ती अडचण होती. वर चढायला बंदी होती म्हणून ते खाली बसले होते. पोरांनी वहीत तंत्र लिहून घेतलं, अडचण लिहून घेतली नाही. म्हणून हा लेख.

तर गोष्ट एका ऑपेराची आहे. ऑपेरा म्हटलं की आपल्यासारख्याच्या डोळ्यांपुढं झुंबरं येतात, मखमली पडदे येतात, हातात दुर्बीण धरून बसलेले शेठलोक येतात. आपला काय संबंध, असं वाटतं. पण मुळात ऑपेरा म्हणजे काय, तर गाण्यातनं चालणारं नाटक. आपल्या लोकांनी तमाशाचा बाज उचलला, त्यातले गण-गौळण बदलले, लावणी काढून टाकली आणि जलसा उभा केला. तसंच एका माणसानं ऑपेराचं करून टाकलं. त्याचं नाव मार्क ब्लिट्झस्टाइन. १९०५ साली फिलाडेल्फियात जन्मलेला, भारी शिकलेला पियानोवादक. आधी तोही शिष्टांसाठीच संगीत लिहायचा. मग मंदी आली.

मंदी म्हणजे कशी? १९३३ साली अमेरिकेत दर चार कामगारांत एक बेकार होता. रूझवेल्ट सरकारनं कामं काढली. रस्ते, पूल, शाळा. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीची खडी फोडली, नालाबंडिंगं केली, तसलाच प्रकार. फरक एवढाच की त्यांच्या सरकारला नटही बेकार दिसले. मग १९३५ साली नटांसाठीही काम काढलं. नाव फेडरल थिएटर प्रोजेक्ट. प्रमुख हॅली फ्लॅनगन नावाच्या बाई. दहा हजारांहून जास्त नट, वादक, सुतार, शिंपी त्या हजेरीपटावर होते. न्यूयॉर्कात नटाला आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट मिळत. हा आकडा लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

या योजनेत हार्लेममध्ये काळ्या कलावंतांचं वेगळं पथक होतं. जॉन हाउसमन आणि ऑर्सन वेल्स हे दोघं गोरे तिथं काम बघत. एप्रिल १९३६ मध्ये त्यांनी लाफायेट थिएटरात शेक्सपियरचा 'मॅकबेथ' केला. सगळे नट काळे, आणि गोष्ट स्कॉटलंडमधनं उचलून हैती बेटावर नेलेली. वेल्स तेव्हा वीस वर्षांचा. पोरगाच. गर्दीनं रस्ता बंद पडला. (कोलंबिया विद्यापीठ त्याच भागातलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथं शिकत होते. म्हणजे त्यांच्या पायाखालच्या रस्त्यांपासून हे सगळं हाकेच्या अंतरावर.) त्यानंतर या दोघांनी मॅक्झीन एलियट थिएटरात आपलं वेगळं पथक उभं केलं. तिथं ब्लिट्झस्टाइनचा ऑपेरा त्यांच्या हाती आला. नाव 'द क्रेडल विल रॉक'. पाळणा हलणार. इंग्रजीत पोराला निजवायचं एक गाणं आहे, झाडाच्या शेंड्यावर पाळणा टांगलेला आणि वारा सुटला की काय होईल याचं. ब्लिट्झस्टाइननं त्या पाळण्यात पोर ठेवलं नाही. मालकाची माणसं ठेवली.

या ऑपेराचं बीज एका गाण्यात आहे. त्यानं एका वेश्येच्या तोंडचं गाणं लिहिलं होतं. ब्रेश्ट त्या सुमाराला न्यूयॉर्कात आला होता, त्याला ते ऐकवलं. ब्रेश्ट म्हणाला ते असं की, ही एकटीच विकते का? भटजी, संपादक, प्राध्यापक, हेही विकतातच की, त्यांच्यावर लिही. हाच ब्रेश्ट आपल्याकडे १९७८ साली पु.ल.देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'तनं आला. आणि त्या मूळ नाटकाचं अमेरिकेत पुढं गाजलेलं इंग्रजी रूप याच ब्लिट्झस्टाइननं केलं. पण ते १९५४ चं. इथं आपण अजून १९३६ मध्ये आहोत. त्या वर्षी त्याची बायको वारली. त्यानंतर पाचेक आठवड्यांत त्यानं हा ऑपेरा लिहून काढला आणि ब्रेश्टला अर्पण केला.

गोष्ट साधी आहे. स्टीलटाउन नावाचं गाव. तिथल्या पोलादाच्या कारखान्याचा मालक मिस्टर मिस्टर. नाव बघा, नुसतंच मिस्टर, मालकाला वेगळं नाव लागत नाही. रात्रीचं कोर्ट भरलंय. गिऱ्हाईक शोधताना पकडलेली एक पोरगी, मॉल, तिथं आणली आहे. आणि त्याच रात्री एका येड्या पोलिसानं गावातल्या सगळ्या प्रतिष्ठितांनाच धरून आणलंय. ते खरं तर युनियनची सभा उधळायला गेलेले. पोलिसाला वाटलं हेच युनियनवाले. आता सगळे एका बाकावर, वेश्येच्या शेजारी. आणि मग एकेकाची कथा उलगडते, कोण कितीला विकलं गेलं त्याची. पाद्री, ज्यानं मालकिणीच्या देणगीप्रमाणं आधी शांततेचं प्रवचन दिलं आणि भाव फिरल्यावर युद्धाचं. संपादक, ज्याचा पेपरच मालकानं विकत घेतला. कॉलेजचा प्राचार्य. मालकिणीच्या दिवाणखान्यात शेपूट हलवणारे दोन कलावंत. डॉक्टर, ज्यानं मशीनमध्ये सापडलेल्या कामगाराला तो दारू प्यायला होता असं सांगितलं. औषधाच्या दुकानाचा मालक हॅरी, ज्यानं कर्जापायी तोंड बंद ठेवलं आणि बाँबमध्ये स्वतःचाच पोरगा घालवून बसला. तो आता दारू पिऊन कोर्टात येऊन बसतो आणि मॉलला ही सगळी हकिगत तोच सांगतो.

शेवटी लॅरी फोरमन हा युनियनचा माणूस येतो. मालक त्यालाही भाव विचारतो. तो विकला जात नाही. बाहेर युनियनवाल्यांचा आवाज वाढत जातो आणि पडदा.

आता हे कुठल्या वेळी? १९३६ च्या डिसेंबरअखेर फ्लिंटमध्ये जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडलं. फेब्रुवारी १९३७ मध्ये कंपनी वाकली. मार्चमध्ये यू.एस. स्टीलनं युनियन मान्य केली. पण छोट्या पोलाद कंपन्या हटून बसल्या. मे महिन्यात तिथं संप सुरू झाला. ३० मे १९३७ ला शिकागोत रिपब्लिक स्टीलच्या कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. आणि १६ जूनला, म्हणजे दोन-अडीच आठवड्यांत, न्यूयॉर्कात सरकारच्या पैशानं पोलादाच्या मालकाला नागडं करणारा ऑपेरा सुरू होणार होता. आगाऊ तिकिटं चौदा हजारांच्या आसपास गेलेली.

वेल्सनं प्रयोगासाठी मोठा थाट केला होता. काचेच्या तळाचे सरकते मंच, त्यांच्या खालून दिवे, अठ्ठावीस वादकांचा ताफा. त्याच्या डोक्यात कल्पनांचं पीक होतं आणि सरकारचा खर्च. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण पुढं ज्या प्रयोगाचा गवगवा झाला त्यात यातलं काहीएक नव्हतं. ना काच, ना मंच, ना ताफा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वॉशिंग्टनहून हुकूम आला. खर्चात कपात आहे, फेरआखणी चालू आहे, तेव्हा १ जुलैच्या आत एकही नवं नाटक, नवं प्रदर्शन, काही उघडायचं नाही. वरवर बघता सगळ्यांना सारखा नियम. नियम नेहमी सगळ्यांना सारखेच असतात. कपात खोटी नव्हती, माणसं खरंच काढली जात होती आणि त्याविरुद्ध आंदोलनंही चालू होती. पण तारीख या नाटकाच्याच मानेवर आली. वेल्स वॉशिंग्टनला जाऊन आला. उपयोग झाला नाही. आणि १५ जूनला थिएटरात पहारेकरी येऊन बसले. पडदे, कपडे, सामान सगळं सरकारी पैशाचं, काडीही बाहेर न्यायची नाही. लॅरी फोरमनचं काम करणारा हॉवर्ड डा सिल्वा, त्याचा केसांचा टोपसुद्धा सरकारी म्हणून अडकवून ठेवला.

इथपर्यंत आपल्याला ओळखीचं आहे. पण पुढचा भाग नीट वाचा, कारण आपली पोरं इथं घसरतात. त्यांना वाटतं बंदी घालणारं फक्त सरकार असतं.

हाउसमन आणि वेल्सनी ठरवलं, दुसरं थिएटर भाड्यानं घेऊ आणि खाजगी प्रयोग करू. तर नटांच्या युनियननं कळवलं, आमच्या सभासदांना दुसऱ्या मालकाच्या नावाखाली त्याच नाटकात स्टेजवर जाता येणार नाही. वादकांच्या युनियननं सांगितलं, थिएटर बदललं की ब्रॉडवेचे दर लागतील, माणसंही जास्त घ्यावी लागतील. कुठून आणणार? म्हणजे युनियनचा जयजयकार करणारा ऑपेरा आणि त्याच्या वाटेत युनियन आडवी. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. नंतर नाही आलं. कारण नटांच्या युनियनचा तो नियम नटांनीच झगडून मिळवलेला. तालमी एकाच्या पैशावर करून घ्यायच्या आणि धंदा दुसऱ्यानं करायचा, या मालकांच्या खोडीला लगाम म्हणून. नियम चांगला होता. तोच त्या दिवशी फास झाला. यात दुष्ट कोण हे शोधत बसाल तर सापडणार नाही.

मग त्या नियमाचं वाचन झालं. शब्दाला शब्द लावून. स्टेजवर जायचं नाही, असं लिहिलंय. थिएटरात जायचं नाही, असं लिहिलेलं नाही. तिकीट काढलेल्या माणसाला त्याच्या खुर्चीतनं उठून गायला या नियमात कुठंही बंदी नाही. हाउसमननं नटांना हेच सांगितलं. या, प्रेक्षकांत बसा, तुमची वेळ आली की उभे राहा आणि म्हणा. ज्याला यायचं नसेल त्यानं येऊ नये, कुणी बोट दाखवणार नाही.

म्हणजे ती सगळी क्रांतिकारक रंगदृष्टी वगैरे जी पुस्तकांत येते, ती वकिली वाचनातनं निघाली. मला यात कमीपणा वाटत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी असंच केलंय. पाटलाच्या, सावकाराच्या हुकमातली फट शोधायची आणि तिच्यातनं अंग काढून घ्यायचं.

पण थिएटर मिळेना. तिकडं एलियट थिएटरबाहेर लोक जमायला लागले. विल गीअर आणि डा सिल्वा हे नट रस्त्यावर येऊन त्यांना गाणी ऐकवत, थोपवून धरत होते. जीन रोझेंथल नावाची पंचविशीतली पोरगी पियानो शोधायला पाठवलेली. तिनं एक जुना पियानो भाड्यानं मिळवला, ट्रकवर चढवला, पण उतरवायचा कुठं हेच ठरेना. मग ट्रक गावभर फिरत राहिला आणि ती मधनंच उतरून फोन करत राहिली. पत्ता मिळाला का? नाही. अजून एक चक्कर. इकडं खोलीत दिवसभर एक थिएटरांचा दलाल बसला होता, त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. तो शेवटी कंटाळून म्हणाला, व्हेनिस थिएटर रिकामं आहे की. शंभर डॉलर भाडं.

व्हेनिस थिएटर एकवीस गल्ल्या वर. जूनची संध्याकाळ. लोक निघाले. कुणी टॅक्सीनं, कुणी भुयारी रेल्वेनं, बरेचसे पायी. चालताना वाटेत भेटेल त्याला सांगत, चला, नाटक आहे. आमंत्रणच तसं होतं, कारण व्हेनिस एलियटपेक्षा बरंच मोठं होतं. मला या सगळ्या प्रकरणात हे चालणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नाटक थिएटरात सुरू झालं नाही, ते त्या एकवीस गल्ल्यांत सुरू झालं. तिकीट काढून आलेला माणूस खुर्चीत बसून वाट बघतो. मोर्चानं आलेला माणूस बसला तरी उभाच असतो.

शेजारच्या अग्निशामक दलाच्या जवानांनी पियानो आत चढवला. त्याची पुढची फळी काढून टाकली, आवाज मोकळा यावा म्हणून. व्हेनिसमध्ये एरवी इटालियन नाटकं व्हायची, मुसोलिनीच्या इटलीचं निशाण सज्जावरनं लोंबत होतं. ते कुणीतरी खाली ओढलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं सांगतात.

नऊच्या सुमाराला पडदा उघडला. स्टेजवर काय? एक पियानो, त्याच्यापुढं शर्टाच्या बाह्या सारलेला ब्लिट्झस्टाइन, आणि एबी फेडरनं टाकलेला एक प्रकाशझोत. बाकी काही नाही. त्याची तयारी अशी होती की सगळी पात्रं आपणच गायची. नट येतील न येतील, कुणी उठेल न उठेल, काही ठरलेलं नव्हतं. त्यानं प्रसंग सांगितला. रस्त्याचा कोपरा, स्टीलटाउन. आणि मॉलचं गाणं स्वतःच सुरू केलं.

दोन-चार ओळी झाल्या. आणि त्याच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला. बारीक. कुठनं येतोय कळेना. फेडरचा झोत स्टेजवरनं हलला, शोधत शोधत डाव्या बाजूच्या खालच्या कक्षावर गेला. तिथं हिरव्या पोशाखात एक बारकीशी बाई उभी. ऑलिव्ह स्टँटन. अंग भीतीनं ताठलेलं, आवाज आधी पोचतच नव्हता. ब्लिट्झस्टाइन थांबला. गाणं तिच्या हवाली केलं आणि फक्त वाजवत राहिला. तिचा आवाज एकेका सुरानं वर चढत गेला.

ती काही मोठी नटी नव्हती. सरकारी मदतीच्या हजेरीपटावर होती. आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट. ते गेले तर घरी काय? वेल्सचं रेडिओवर नाव होतं, त्याला कुठंही काम मिळालं असतं. हाउसमनलाही. ऑलिव्ह स्टँटनला? तिला कुणी ढकललं नव्हतं. तिच्या आधी कुणी उठलंही नव्हतं, की बघून धीर यावा. पहिलं उठणं तिचं. या रात्रीचा इतिहास लिहिणारे वेल्सपासून सुरुवात करतात आणि वेल्सवर संपवतात. १९९९ साली टिम रॉबिन्सनं यावर सिनेमा काढला, त्यात निदान तिच्या कथेला नीट जागा दिली. ते त्यानं बरं केलं.

तिच्यानंतर समोरच्या रांगांतनं एक माणूस उठला, मॉलचं गिऱ्हाईक. मग अजून कुठनं तरी पोलीस उठला. जो जिथं बसला होता तिथनं तो गात होता. एक खाली तर त्याला उत्तर देणारा लांब वर. लोकांच्या माना खो-खोच्या सामन्यासारख्या इकडून तिकडं फिरत होत्या. फेडरच्या दिव्याची धावपळ चाललेली. शेजारी बसलेला माणूस, ज्याला आपण मघाशी सरकून जागा दिली, तो अचानक उठून पाद्री होतो, संपादक होतो. कळेचना की आता कोण उठेल. शिकलेले म्हणतील, नट प्रेक्षकांत मिसळले. मला उलटं वाटतं. त्या रात्री प्रत्येक प्रेक्षकावर संशय होता, की हा नट आहे.

कोरसमध्ये काळे गायक होते. ते पुढच्या रांगांत, त्यांना गाणं बसवून देणाऱ्या लेहमन एंगेलच्या भोवती बसलेले. ते तिथूनच गायले. हार्लेममधनं आलेल्या माणसाला काम जाणं म्हणजे काय हे गोऱ्या नटापेक्षा जास्त माहीत. दुसरं काम मिळायची रांग त्यांच्यासाठी कायमच लांब होती. तरी आले. त्यांची धास्ती एकेकट्याची होती, आवाज मात्र एकदम आला.

एक सांगायला हवं. लोकांतनं उठून बोलायचा प्रकार याआधी झाला नव्हता असं नाही. क्लिफर्ड ओडेट्सचं 'वेटिंग फॉर लेफ्टी' ६ जानेवारी १९३५ ला याच शहरात झालं. टॅक्सीवाल्यांच्या संपाचं नाटक. त्यात नट प्रेक्षकांत बसवले होते आणि शेवटी सगळं थिएटर संप संप म्हणून ओरडलं. आमचे प्रशिक्षक अगदीच चुकीचं बोलत नव्हते, हे मान्य केलं पाहिजे. पण लेफ्टीतले नट लेखकानं बसवले होते, ठरवून. व्हेनिसमधले कुणी बसवलेले नव्हते. किती उठतील हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

कारण सगळे आलेच नाहीत. काही जण घरी राहिले. त्यांची कामं ब्लिट्झस्टाइननं पियानोवरनं गाऊन काढली, कित्येक पात्रं एकट्यानं. काही आलेल्या नटांनी दुसऱ्याची कामं उचलली. जे आले नाहीत त्यांना कुणी काही म्हटल्याचं मी वाचलेलं नाही.

इथं मला माझं सांगायचंय. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या कलापथकाचा कार्यक्रम होता. मी पेटीवर. मैदानात मंडप घातला आणि दुपारी मंडपाला परवानगी नाही म्हणून सांगून आले. लाउडस्पीकरलाही नाही. आम्ही चिडलो, घोषणा दिल्या, पेटी पाठीला मारली आणि एस.टी. पकडून परत आलो. लोक बसलेले होते. हजारभर तरी. मंडप नाही म्हणजे कार्यक्रम नाही, असंच आमच्या डोक्यात. आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की जमिनीला बंदी नाही, तोंडाला बंदी नाही. दोष परवानगीवाल्यांचा तर होताच. पण उठून घरी आम्ही आलो.

आणि त्या दिवशी आमचा ढोलकीवाला आलाच नव्हता. तो सरकारी खात्यात चतुर्थश्रेणीत लागलेला, नुकताच, अजून कायम झाला नव्हता. साहेबानं दम भरला होता. घरात आई, दोन बहिणी, कमावणारा हा एकटा. मी परत आल्यावर चारचौघांत त्याला गद्दार म्हणालो. भाकरीला विकला गेलास म्हणालो. अगदी त्या ऑपेरातल्या पात्रांसारखं. तो काही बोलला नाही. पुन्हा पथकात आला नाही.

हाउसमननं नटांना सांगितलं होतं, यायचं नसेल त्यानं येऊ नये. मी ते वाचलं तेव्हा या गोष्टीला पंचवीस-तीस वर्षं उलटलेली. पुस्तक मिटून ठेवलं. नाटकात विकले जाणारे कोण, तर पाद्री, संपादक, प्राचार्य, डॉक्टर. ज्यांना न विकताही जगता आलं असतं असे. हजेरीपटावरचा माणूस त्या बाकावर बसवलेला नाही. हा फरक ब्लिट्झस्टाइनला कळला होता, मला कळला नव्हता.

पुढचं थोडक्यात. त्या रात्री नाटक संपल्यावर लोक थांबेनात. पुढचे प्रयोग व्हेनिसमध्ये तसेच झाले, नट खाली, पियानो वर. वेल्स आणि हाउसमन दोघंही सरकारी योजनेतनं बाहेर पडले, म्हणजे हाउसमनला नागरिक नाही म्हणून काढलं आणि वेल्सनं सोडलं. दोघांनी मर्क्युरी थिएटर नावाची आपली संस्था काढली. ५ डिसेंबर १९३७ पासून तिथं रविवारी रात्री हा ऑपेरा व्हायला लागला आणि जानेवारी १९३८ मध्ये विंडसर थिएटरात रीतसर लागला, शंभरावर प्रयोग झाले. आता बंदी नव्हती. नट स्टेजवर जाऊ शकत होते, पडदे-काचा लावता आल्या असत्या. त्यांनी लावल्या नाहीत. स्टेजवर नुसत्या खुर्च्या मांडल्या, नट त्यावर बसून राहत आणि आपली वेळ आली की उठत. म्हणजे खुर्ची वर गेली. इथनं पुढं मात्र ते तंत्र झालं, हे खरं.

१९३९ मध्ये लिओनार्ड बर्नस्टाइन या विद्यार्थ्यानं हार्वर्डला पियानोवर बसून तो केला. १९६० मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरानं पुऱ्या वाद्यवृंदासह केला. आणि ती सरकारी योजना? १९३८ मध्ये संसदेच्या चौकशी समितीनं फ्लॅनगनबाईंना बोलावलं. एका सभासदानं त्यांना विचारलं, हा मार्लो कम्युनिस्ट आहे का? ख्रिस्तोफर मार्लो, शेक्सपियरच्या काळातला नाटककार, मरून साडेतीनशे वर्षं होत आलेली. ३० जून १९३९ ला योजना बंद. हजेरीपट गुंडाळला. जे त्या रात्री उठले त्यांचीही नावं गेली आणि जे उठले नाहीत त्यांचीही.

ढोलकीवाल्याला मी शोधून काढला. आता निवृत्त आहे, पेन्शन घेतो, नातवाला शाळेत सोडतो. मी माफी मागितली. तो म्हणाला, सोड रे, लई जुनं झालं. चहा झाला. मग मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, पियानोच्या ट्रकची, हिरव्या पोशाखातल्या बाईची. त्यानं पगार विचारला. मी आकडा सांगितला. "आठवड्याचा ना? म्हंजी ठरलेला व्हता," म्हणाला, आणि जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पेटीवर कोन व्हतं?"

म्हटलं, ज्यानं लिहिलं तोच.

"आन् ढोलकी?"

म्हटलं, ढोलकी नव्हती. नुसता पियानो.

तो हसायला लागला. "मग त्या दिवशी माझ्याबिगर बी भागलं असतं की. तू उगंच परत आलास."

आणि बोटांनी चहाच्या बशीवर ठेका धरला.